मेलेल्यांविषयी वाईट कसं बोलावं

कॉमिकवरून काढलेला अ‍ॅनिमेटेड झोंबीपट येतोय म्हटल्यावर तुमच्यापुढे दोन मार्ग असतात. एक, तो बघणं. दोन, त्यावर मत देणं. दोन्ही करणारी माणसंही असतात, नाही असं नाही, पण त्यांचं मत यायला उशीर होतो आणि तोवर बाकीच्यांचं भांडूनसुद्धा झालेलं असतं. शिळ्या मताला कोण विचारतो? तेव्हा ट्रेलर येईल त्याच दिवशी कामाला लागा. दोन मिनिटांच्या ट्रेलरात मत बनवायला भरपूर ऐवज असतो. मुरलेल्यांचं तर पोस्टरवरही भागतं, पण नवशिक्यांनी एकदम तिथे हात घालू नये.

सुरुवात "मूळ कॉमिकची सर नाही" या वाक्याने करावी. सिनेमा कुठलाही असो, कॉमिक कुठलंही असो, हे वाक्य लागू पडतं. मुख्य म्हणजे ते म्हणायला कॉमिक वाचलेलं असावं लागत नाही. फक्त "सर नाही" म्हणताना नजर जरा दूर लावायची, जणू ते जुने अंक तुम्हाला तिथे दिसतायत. कोणी खोदून विचारलंच, तर "त्यातला तो काळोख इथे आलाच नाही" असं सांगून मोकळं व्हायचं. मूळ कॉमिक काळं-पांढरं आहे की भडक रंगीत, एवढं मात्र आधी बघून ठेवा. काळोखवाल्या मंडळींची याच ठिकाणी फजिती होते.

आता समजा, कॉमिक खरोखर वाचलेला माणूस समोर आला. असे लोक थोडे, आणि बहुतेक गप्प असतात, पण येऊ शकतात. अशा वेळी विषय हळूच दुसऱ्या कॉमिककडे वळवावा. यासाठी 'द वॉकिंग डेड' फार सोयीचं. लेखक रॉबर्ट कर्कमन, २००३ ते २०१९, एकूण १९३ अंक. समोरच्याने ते सगळे वाचले असण्याची शक्यता कमी आणि वाचलेलं सगळं आठवत असण्याची त्याहून कमी. यातले पहिले सहा अंक टोनी मूर यांनी काढले, पुढचे चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. तुम्हाला एवढं भांडवल पुरे. "मूर होते तोवर चित्रांत जीव होता," एवढंच म्हणा आणि थांबा. चित्रं प्रेतांची आहेत, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही. एका वाक्यात तुम्ही १८७ अंक बाद केलेले असता आणि त्यातला एकही उघडावा लागलेला नसतो.

यानंतर इमानदारीचा मुद्दा काढायचा. तुमच्या नव्हे, सिनेमाच्या. कॉमिकमधला प्रसंग पडद्यावर जसाच्या तसा आला, तर "नुसती नक्कल! दिग्दर्शकाने स्वतःचं असं काय केलं?" आणि बदलला, तर "मूळ कलाकृतीचा मुडदा पाडला." दोन्ही मतं एकाच सिनेमाबद्दल आणि एकाच संध्याकाळी देता येतात, फक्त मध्ये चहापुरता वेळ जाऊ द्यावा. ज्यांना एवढा मोठा घास झेपत नाही, त्यांनी नायिकेच्या जाकिटावर लक्ष ठेवावं. कॉमिकमध्ये ते तपकिरी असेल आणि सिनेमात जांभळं झालं असेल, तर तुमचं आठवडाभराचं काम झालं.

इथे एक धोक्याची सूचना. प्रसंग कागदावरून पडद्यावर येताना नेमकं काय होतं, याचा विचार चुकूनही करू नका. कॉमिकच्या एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड असते. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर, आणि त्यावर एक किंकाळी. मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं? कॉमिक कसं वाचलं जातं यावर कॉमिकमधूनच पुस्तक लिहिणाऱ्या स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये नेमकं याच उदाहरणावरून दाखवून दिलं की तो घाव चित्रकार घालतच नाही, वाचक घालतो. कुठे घालायचा, किती जोरात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. सिनेमाला ही सोय नाही. त्याला सेकंदाला चोवीस फ्रेम भरायच्या असतात. त्यानेही कुऱ्हाडीवरून नजर उचलून शहर दाखवावं, तर "घाबरले, कात्री लावली" म्हणायला तुम्ही टपलेलेच. म्हणजे दिग्दर्शकाची स्पर्धा कॉमिकशी नसतेच, तुम्ही मनातल्या मनात केलेल्या खुनाशी असते. तुमच्याइतका मन लावून खून त्या बिचाऱ्याला कसा जमणार? हे एकदा कळलं की त्याची कीव येऊ लागते, आणि कीव आली की मताची धार गेलीच. म्हणून म्हणतो, विचार नको. जाकीट बघा.

पुढचा विषय झोंबीशास्त्र, आणि इथे कच्चं राहून चालणार नाही. मेलेला माणूस कसा चालतो, काय खातो, कशाने पुन्हा मरतो, याबद्दल तुमची मतं पक्की हवीत. "झोंबी धावत नसतात" हे पहिलं कलम. ते झोंबीपटांचे आद्य दिग्दर्शक मानले जाणारे जॉर्ज रोमेरो यांच्या नावावर ठोकून द्यावं. त्यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा दाखला द्यावा, मात्र तो सिनेमा पुन्हा बघायच्या भानगडीत पडू नये. कारण त्यात स्मशानात येणारा पहिलाच मुडदा चांगला झपाझप चालतो. बाई गाडीत शिरून दारं लावून घेते, तर हा पठ्ठ्या दगड उचलून काच फोडतो. पुढे तळघरातली चिमुरडी पोर थापी घेऊन आईवर घाव घालते. म्हणजे "झोंबींना अवजारं वापरता येत नाहीत" हे दुसरं कलमही मूळ ग्रंथातच निकालात निघालं. मेंदू खाण्याची गोष्ट तर तिथे नाहीच. ती चटक त्यांना १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये लागली, आणि त्या सिनेमात ते धावतातही आणि बोलतातही. आणखी मागे जाऊन १९३२ चा 'व्हाइट झोंबी' बघितलात, तर पंचाईत वाढेल. तिथले हैतीतले झोंबी कोणाला चावत नाहीत. साखरेच्या कारखान्यात मालकाच्या हुकमाने, तोंडातून ब्र न काढता राबतात. (यावरून कोणाला काही ओळखीचं वाटलं, तर तो ज्याच्या त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.)

मग खरे नियम कुठले? ते तुमचे तुम्हाला ठाऊक असतात. आपण बारा वर्षांचे असताना, मोठ्यांची नजर चुकवून जो पहिला झोंबीपट पाहिला, त्यातले नियम खरे. नंतर आलेले सगळे दिग्दर्शक अडाणी. नव्या सिनेमातलं प्रेत जिना चढताना कठड्याला हात लावतं, हे पाहून "असं कधी असतं का?" असं तुम्ही म्हणालात, की तुमची गणना जाणकारांत होते. प्रेत उठलंच कसं, हे विचारू नका. ते बालिश दिसतं.

अ‍ॅनिमेशनबद्दल फार बोलायची गरज नसते. "शेवटी कार्टूनच ते" एवढं पुरतं. तरी ज्यांना हा मुद्दा फुलवायचा असेल, त्यांनी सोबत सहा वर्षांचं मूल न्यावं. पोस्टरवर रक्ताळलेला जबडा असतो, खाली प्रौढांसाठी असल्याची सूचना असते, त्याकडे दुर्लक्ष करावं. आत गेल्यावर पहिलं आतडं बाहेर पडताच एका हाताने पोराचे डोळे झाकावेत आणि स्वतः मान पुढे काढून नीट बघावं. बोटांच्या फटीतून पोरही बघतंच. बाहेर आल्यावर, हल्ली मुलांसाठी काय वाट्टेल ते काढतात म्हणून संताप करावा. आणि हे सांगून झालं, की पुढच्याच दमात हिंसा पुरेशी दाखवली नाही अशीही तक्रार करता येते.

तांत्रिक शेरा मारायचा असेल, तर "हालचाल अडखळते" असं म्हणा. अ‍ॅनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी बाराच चित्रं, आणि ते मुद्दामही करतात. अर्धा पाय तुटलेलं प्रेत नर्तकासारखं सुळकन जावं की खुरडत यावं, हा विचार कोणीतरी टेबलाशी बसून केलेला असतो. तुम्ही मात्र त्याचा दोष इंटरनेटला द्यावा.

काही मंडळींना या सगळ्यात उतरायचंच नसतं. त्यांचं म्हणणं, झोंबी ही अभिरुचीच हलकी. अशांसाठी एक जुना आधार देऊन ठेवतो. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी आचारसंहिता केली आणि चालत्या प्रेतांना बंदी घातली. पुढे १९७१ मध्ये नियम सैल झाले, तेव्हा रक्तपिपासू व्हॅम्पायरला आणि मानवलांडग्याला आत घेतलं, कारण त्यांच्यामागे प्रतिष्ठित साहित्याची परंपरा होती. झोंबी बाहेरच राहिला. त्याच्याकडे दाखवायला कुळच नव्हतं. भुतांतसुद्धा खानदान बघितलं जातं, तर तुम्ही का बघू नये? "ड्रॅक्युलाची गोष्ट वेगळी," असं खुशाल म्हणा. ड्रॅक्युलाही वाचलेला असावा लागत नाही.

याच्या उलट टोकाचे असतात ते अर्थवाले. तुम्हाला त्यांच्यात बसायचं असेल, तर "हा सिनेमा मुळात झोंबींबद्दल नाहीच" असं वाक्य तयार ठेवा. मग तो भांडवलशाहीबद्दल आहे, साथीबद्दल आहे, बापाच्या न सांगितलेल्या दुःखाबद्दल आहे, काहीही. रोमेरोंनी १९७८ मध्ये प्रेतांना मॉलमध्ये फिरवलं, तेव्हापासून हा धंदा बरकतीत आहे. तो मॉल त्यांनी समजून उमजून निवडला होता, त्याबद्दल वाद नाही. पण १९६८ च्या सिनेमातला कृष्णवर्णीय नायक ड्युएन जोन्स यांना भूमिका का दिली, यावर रोमेरो सांगत की त्यांची ऑडिशन सगळ्यांत चांगली झाली म्हणून. शेवटी त्या नायकाला झोंबी समजून गोळी घालतात, आणि त्या वर्षीच्या अमेरिकेत तो शेवट बघणाऱ्यांना अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाही. पण असा आपोआप उमटलेला अर्थ तुमच्या कामाचा नाही. त्यात तुमची हुशारी दिसत नाही. तुम्ही "खरे झोंबी आपणच" हेच वाक्य वापरा. ते याआधी सगळ्यांनी म्हणून झालंय, त्यामुळे सगळे लगेच सहमत होतात.

एवढी तयारी करूनही कधी कधी घात होतो. सिनेमा प्रत्यक्ष बघायची वेळ येते. मित्र तिकीट काढून बसलेले असतात, नाही म्हणता येत नाही. अंधारात तुमच्याकडे जाकीट आहे, धावण्याचं कलम आहे, सगळं सज्ज आहे, आणि मध्येच एक प्रसंग येतो. मेलेली बाई स्वतःच्याच घराच्या दाराशी उभी असते. ती दार फोडत नाही. अंगठा आणि दोन बोटं उरलेला हात कुलपाच्या उंचीवर येतो, किल्ली फिरवल्यासारखा वळतो, पुन्हा वळतो. चित्रातल्या रेषाही तिथे जरा थरथरत्या काढलेल्या असतात. आत माणसं श्वास रोखून बसलेली आहेत, आणि तुमचा खिशातल्या फोनकडे जाणारा हात थांबलेला आहे.

इथे घाबरून जाऊ नका. हे दहा-बारा सेकंदच टिकतं. लगेच शेजारच्याच्या कानाशी लागा आणि "हे कॉमिकमध्ये नव्हतं" म्हणा. तो "श्शू" करेल, पण तोवर तुम्ही वाचलेले असता.

बाहेर आल्यावर आधीचंच मत कायम ठेवा. बघून मत बदललं, तर बघण्याआधी दिलेल्या मताची काय किंमत राहिली? रेटिंग पाचपैकी दोन द्या, दीड दिलंत तर मनात राग आहे असं वाटतं. आणि जे काही लिहाल-बोलाल ते नीट जपून ठेवा, कारण वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या भागाचा ट्रेलर येईल. तेव्हा "कॉमिकची सर नाही" मधला 'कॉमिक' काढून तिथे 'पहिला भाग' घालायचा. बाकी मजकुराला हात लावावा लागत नाही. "त्यातला तो काळोख" सकट सगळा तसाच चालतो.