लाल टोपण, केशरी टोपण

शनिवारी फडके रोडच्या कट्ट्यावर विषय निघाला तो मन्याच्या वडिलांवरून. काका चार दिवस ॲडमिट होते. शुगर इतकी उतरली की पहाटे हलवलं तरी डोळे उघडेनात.

इन्शुलिनचं पेन बिघडलं, म्हणून काकांनी पेनातल्या कार्ट्रिजमधून जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढलं. विसाच्या रेघेपर्यंत, रोजच्यासारखं. आता लाल टोपणाची सिरिंज असते दर मिलीला ४० युनिटवाल्या बाटलीसाठी. कार्ट्रिजमध्ये दर मिलीला १०० युनिट. म्हणजे २० ऐवजी ५० टोचले गेले. थेट अडीचपट!

"मेडिक्लेमने सत्तर हजार मुकाट भरले," मन्या म्हणाला. "पण हे टोपणाचं शिकवणाऱ्या बाईंची पाचशेची पावती लावली असती, तर केराच्या टोपलीत."

दिल्या विमा एजंट. तो कशाला ऐकतोय? "विमा अचानक येणाऱ्या खर्चाचा असतो रे. आज क्लास म्हणाल, उद्या चालायचे बूट मागाल. आणि ओपीडीचे रायडर, म्हणजे ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चाची जोड-पॉलिसी, निघालेत की आता! जुन्या आजाराचा वेटिंग पिरियडसुद्धा २०२४ मध्ये जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आणला."

"म्हणजे तीन वर्षं हप्ते भरायचे आणि शुगर तेवढी वाट बघत थांबणार," शिऱ्या म्हणाला. त्याची मावशी न्यू जर्सीला असते. तिथे पासष्टीनंतरच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, डॉक्टरांनी लिहून दिलं की पहिल्या वर्षी १० तासांचं मधुमेहाचं शिक्षण मिळतं, एक तास एकट्याने, बाकी गटात. पुढे दरवर्षी दोन तास. खर्चाचा पाचवा हिस्सा आपला.

"आणि जातात किती?" दिल्याने बरोबर दुखरी नस पकडली. नव्याने निदान झालेल्या शंभरातले जेमतेम पाच-सात जातात, हे शिऱ्यालाही मान्य करावं लागलं. (मावशी गेली होती का, हे त्याने शिताफीने टाळलं.)

मग दिल्याने खरं गणित सांगितलं. पॉलिसी एका वर्षाची. आज शिकवलं तर किडनी वाचणार दहा वर्षांनी, तोवर गिऱ्हाईक पोर्ट होऊन दुसरीकडे. पहिल्या कंपनीने खर्च का करावा? मला हे पटत होतं, कबूल करतो. पण मन्या म्हणाला, "दहा वर्षं कसली? बाबांनी रात्री टोचलं, पहाटे ॲम्ब्युलन्स. त्याच पॉलिसीत, त्याच वर्षात." यावर दिल्याने दुसरा कटिंग मागवला.

रात्री साडेदहाला त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्याच्या आईची बाटली, लेबलवर ४०, शेजारी केशरी टोपणाची सिरिंज. खाली एवढंच: "हे चालतं ना?"

केशरी म्हणजे १०० वाली. वीसच्या रेघेला आईला आठच युनिट मिळत होते. मी लगेच फोन लावला. आधी विचारलं, "डॉक्टरांनी डोस कधी वाढवला होता का?"

"दोनदा. शुगर उतरतच नव्हती म्हणून."

"मग उद्या नुसती सिरिंज बदलू नकोस. वाढलेला डोस नीट गेला तर तीही काकांसारखी पडेल. आधी डॉक्टरांना हा फोटो दाखव."