लंडनचे जुने चौक आणि राजाची बाग

लंडनला निघालेल्या माणसाला हा मजकूर कोणीतरी पाठवतोच: 'तिथले जुने स्क्वेअर म्हणजे राजाने रयतेसाठी राखलेल्या बागा. भोवती सरदारांचे वाडे. विटांनी बुजलेली खिडकी दिसली की समजा, खिडक्या मोजून घेतला जाणारा खिडकी-कर. तीनशे वर्षांत वीटही हललेली नाही.' पायी हिंडायचं असेल तर हे घरीच ठेवून निघा.

राजाने इथे दिलं काहीच नाही, उलट घेतलं. १६३१ मध्ये कोव्हेंट गार्डन या चौकाच्या बांधकाम-परवान्यापोटी चार्ल्स पहिल्याने जमिनीचा मालक असलेल्या बेडफर्डच्या अर्लकडून (अर्ल म्हणजे मोठा सरदार) २,००० पौंड वसूल केले. ब्लूम्सबरी स्क्वेअरही साउदॅम्प्टनच्या अर्लने आखला, आपल्याच जमिनीवर, आपल्याच हवेलीसमोर. धंदा होता तो, आणि चोख धंदा.

त्याचा हिशेब बेडफर्ड स्क्वेअरला (१७७५–८३) उघड दिसतो. मालकाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन द्यायची, बिल्डरने आपल्या पैशाने घर बांधायचं, मुदत संपली की घरासकट सगळं मालकाचं. दर्शनी भाग मात्र ठरल्याप्रमाणेच हवा. म्हणून प्रत्येक बाजू एकच मोठा वाडा वाटते, मधोमध त्रिकोणी शिखरासकट. उत्तर किंवा दक्षिण बाजूसमोर उभे राहून शिखराखालचे भिंतीत गुंतलेले खांब मोजा. पाच भरतात, म्हणजे एक नेमका मध्यावर येतो, जिथे अभिजात वास्तुकलेच्या नियमाप्रमाणे मोकळी जागा हवी. कारण त्या शिखराखाली एक वाडा नाहीच, भिंतीला भिंत लावून दोन घरं आहेत! मला तर अख्ख्या चौकात हीच चूक सगळ्यांत आवडते. इथे राहायला आले ते बरेचसे वकील आणि न्यायाधीश. ४९ क्रमांकावर राजा राममोहन रॉय यांच्या नावाची पाटी आहे. मजकुरातला 'राजा' भेटलाच तर तो असा.

रयतेच्या बागेचं म्हणाल तर बेडफर्ड स्क्वेअरच्या फाटकाला आजही कुलूप असतं. सेंट जेम्सेस स्क्वेअरच्या रहिवाशांनी १७२६ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला आणि स्वतःवर करपट्टी बसवून मधली जागा साफ केली, कुंपण घातलं. लेस्टर स्क्वेअरची बाग लोकांना मिळाली ती १८७४ मध्ये. अल्बर्ट ग्रँट नावाच्या बदनाम सावकाराने ती विकत घेऊन देऊन टाकली.

खिडकी-कर खरा आहे, १६९६ ते १८५१. त्यापायी खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण कितीतरी खिडक्या जन्मतःच आंधळ्या आहेत: आत धुराडं किंवा जिना, बाहेर ओळ साधायची म्हणून चौकट. खोबणीतल्या विटांचा रंग आणि थर शेजारच्या भिंतीशी जुळत असतील तर कराला दोष देण्याआधी थोडं थांबावं.

आणि 'वीटही हललेली नाही'? टॉरिंग्टन स्क्वेअरचा बहुतेक भाग लंडन विद्यापीठाने गिळला. बागांवर इमारती चढू लागल्या तेव्हा कुठे १९३१ चा कायदा आला आणि ४६१ चौकांना संरक्षण मिळालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी बागांचे लोखंडी गज कापून नेले; आज दिसणारे बरेच कठडे नंतरचे. कुठे कुठे बुटक्या भिंतीच्या माथ्यावरच्या दगडात जुन्या गजांची खुंटं अजून रुतलेली आहेत. चालताना नजर तेवढी खाली हवी.