शेवट दाखवा, पैसे घ्या

चित्रपटगृहात जाणाऱ्या माणसाच्या मागण्या तशा माफक असतात. खुर्ची धड असावी, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइलचा उजेड पाडू नये आणि आपण आत शिरल्यावर सुरू झालेली गोष्ट बाहेर पडेपर्यंत संपलेली असावी. पहिल्या दोन बाबतींत मी केव्हाच शरणागती पत्करली आहे. तिसरी मागणी मात्र सोडवत नाही, आणि अलीकडे हॉलिवूड आणि हिंदी चित्रसृष्टी या दोघांनी जणू संगनमताने नेमकी तीच धुडकावून लावली आहे.

लांबीबद्दल माझी तक्रार नाही. राज कपूर यांच्या ‘संगम’ला (१९६४) दोन मध्यंतरे होती आणि आधीच्या पिढीने ती आनंदाने सोसली, कारण इतका वेळ बसल्यावर नायिका राधेचे पुढे काय झाले ते त्याच दिवशी कळत असे. आता ती खात्री उरलेली नाही. ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) हा २०१ मिनिटांचा चित्रपट मी बापलेकांच्या भांडणासकट आणि बंदुकांच्या कडकडाटासकट नेटाने पार पाडला. श्रेयनामावली सुरू झाली, लोक उठू लागले, आणि तेवढ्यात नायकाच्याच तोंडवळ्याचा एक खुनशी इसम पडद्यावर अवतरून ‘अ‍ॅनिमल पार्क’ची वर्दी देऊन गेला. ‘धुरंधर’ने (२०२५) तर कराचीच्या ल्यारीत साडेतीन तास जीव मुठीत धरायला लावला. चित्रपट रंगला होता, हे मान्य करायलाच हवे. पण शेवटी काय मिळाले, तर कोर्टात मिळते तशी दुसऱ्या भागासाठी पुढच्या मार्चमधली तारीख.

हॉलिवूडचा कारभार याहून बिलंदर. ‘ड्यून’ (२०२१) पाहायला गेलो, तेव्हा भित्तिपत्रकावर नुसते ‘ड्यून’ होते. हा पहिला भाग असल्याचा खुलासा दिवे मालवल्यावर पडद्यावर झाला. तो प्रदर्शित झाला तेव्हा दुसऱ्या भागाला मंजुरीसुद्धा मिळालेली नव्हती, म्हणजे आम्हाला वाळवंटात अर्ध्या वाटेवर सोडताना पुढची गाडी येणार की नाही हे सोडणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. टॉम क्रूझच्या ‘मिशन इम्पॉसिबल’ने २०२३ साली ‘पार्ट वन’ असे सांगून गोष्ट निम्म्यावर थांबवली, त्यानंतर नावातले ‘पार्ट वन’ गाळून टाकले आणि २०२५ मध्ये पुढचा भाग वेगळ्याच नावाने आणला. ज्याचा पूर्वार्ध मी पैसे मोजून पाहिला, त्याचा पूर्वार्धपणाच कागदोपत्री रद्द झाला!

याशिवाय श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आहेच. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ने अगदी शेवटी एक छोटा प्रसंग चिकटवला आणि तेव्हापासून सुपरहिरोंच्या चित्रपटातून वेळेवर घरी जाणे हा अरसिकपणा ठरू लागला. झाडूवाला दाराशी ताटकळत उभा असतो, वातानुकूलन बंद झालेले असते, आणि आम्ही चिकाटीचे प्रेक्षक स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्यांची शेकडो नावे वाचत बसतो. त्यांत भारतीय नावे पुष्कळ असतात, त्यामुळे एखादे मराठी आडनाव हाती लागते का ते शोधण्यात माझा वेळ बरा जातो. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’च्या (२०१९) वेळीही मी असाच चिवटपणे बसून राहिलो. पडदा काळाच राहिला आणि हातोड्याचे काही ठोके ऐकू आले. बस्स, एवढेच. झाडूवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत करुणा होती.

त्याच ‘एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मेला. मी मनापासून हळहळलो, कारण निदान एका माणसाची गोष्ट संपली असे वाटले. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचे काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर खलनायक डॉक्टर डूम म्हणून परत येणार असल्याचे जाहीर झाले. भूमिका वेगळी आहे, असे जाणकार मला समजावतात. चेहरा तोच आहे, असे मी त्यांना समजावतो. वुल्व्हरिन हा दुसरा सुपरहिरो तर २०१७ च्या ‘लोगन’मध्ये रीतसर गेला होता. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या (२०२४) सुरुवातीलाच त्याचे थडगे उकरले जाते आणि त्याच्याच हाडांनी नायक मारामारी करतो. इतका निर्लज्जपणा मला आवडला, कारण त्यात निदान लपवाछपवी नव्हती. आपल्याकडे ‘पठाण’च्या (२०२३) शेवटी शाहरुख आणि सलमान निवांत बसून निवृत्तीचा विचार करतात आणि देशाचा प्रश्न असल्यामुळे तो विचार सोडून देतात, तिथे मला जे कळायचे ते कळले.

म्हणून जो चित्रपट संपतो, त्याच्याविषयी मला आता कृतज्ञता वाटू लागली आहे. ‘ओपेनहायमर’ (२०२३) तीन तासांचा आहे. अणुस्फोट झाल्यावर माझ्या शेजारचे काका ‘झालं ना आता?’ म्हणत पायांनी चपला चाचपू लागले, आणि मग तासभर चौकशी समितीची कागदपत्रे, साक्षी आणि उलटतपासणी चालली. काका बराच वेळ चपला घालूनच बसले होते. मला विचाराल तर तो तास स्फोटापेक्षा सरस आहे, कारण बॉम्ब बनवणाऱ्याचे काय झाले ते त्यातच कळते. ‘बारहवीं फेल’ (२०२३) आणि ‘लापता लेडीज’ (२०२४) यांनी तर एकमेकांत गुंतलेल्या चित्रपटांचे कोणतेही विश्व उभारण्याच्या भानगडीत न पडता आपापल्या माणसांना मुक्कामी पोहोचवले. ‘छावा’चा (२०२५) शेवट मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो, तरीही दिवे लागल्यावर आमच्या रांगेतले कोणी लगेच उठले नाही.

एवढे झाल्यावर मी नव्या चित्रपटांचा नाद काही काळ सोडून पुनःप्रदर्शनांकडे वळलो. जुना चित्रपट पूर्ण झालेला असतो आणि त्याचा शेवट आधीच पाहिलेला असतो, असा माझा हिशेब होता. २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने तिकीट काढले. त्याच मुहूर्तावर निर्मात्यांनी ‘तुंबाड २’ची घोषणा केली.