१४४ की १२८?

परवा रविवारी भाचा आला होता, माझं कपाट उचकत बसला होता, आणि थोड्या वेळाने ओरडतच बाहेर आला, "मामा, अरे तू श्रीमंत आहेस!" एका हातात माझं जुनं डीटीज अँड डेमिगॉड्स आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर त्याच पुस्तकाची लिस्टिंग, किंमत ९०० डॉलर. म्हटलं बस जरा, पाणी पी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं घेऊन खेळायच्या खेळाचं १९८० सालचं पुस्तक. टीएसआर नावाच्या अमेरिकन कंपनीचं. जगभरच्या पुराणांतले देव घेऊन त्यांची ताकद, हिट पॉइंट म्हणजे किती मार सोसतील वगैरे सगळं आकड्यांत मांडलंय. आपलेपण आहेत, इंद्र, अग्नी, यम, विष्णू. मी कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरनं ८० रुपयांना घेतलेलं, तो १२० म्हणत होता आणि त्याने आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले १२० अजून दिसतात. आईने तेव्हा चाळून विचारलं होतं, "देवांना मार्क कोण देतंय रे?" आणि मग, "विठोबाला किती दिलेत?" विठोबा नाहीये आई, विष्णू आहे. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

तर भाच्याला म्हटलं अनुक्रमणिका काढ आणि चायनीजच्या खाली काय आहे ते वाच. "इजिप्शियन." झालं, संपली श्रीमंती.

कारण सुरुवातीच्या छपाईत चायनीज आणि इजिप्शियनच्या मधे भयकथांतल्या क्थुलू या अक्राळविक्राळ देवाचं प्रकरण होतं, आणि पुढे कादंबऱ्यांतल्या मेल्निबोने या राज्याचं. ती आवृत्ती १४४ पानांची, आणि चढा भाव तिलाच. या दोन्ही कल्पित जगांवर खेळ काढायचे हक्क केऑसियम नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे होते. लोक अजून छाती ठोकून सांगतात की त्यांनी टीएसआरला कोर्टात खेचलं, तसं काही झालेलं नाही, परवानगी दिली होती, पण आपल्याच पुस्तकात प्रतिस्पर्ध्याचे आभार कशाला मानत बसायचं म्हणून टीएसआरनेच पुढच्या छपाईत दोन्ही प्रकरणं काढून टाकली. राहिली १२८ पानं. माझं ते १२८ वालं, वर एका कोपऱ्याला पाणी लागलेलं आणि ग्रीक देवांच्या पानावर कटिंगच्या ग्लासाचा गोल डाग.

आणि गंमत म्हणजे ते १४४ पानीसुद्धा काही दुर्मिळ नाही, भरपूर छापलं गेलं, "बॅन झालेलं पुस्तक" या अफवेवर त्याचा भाव चढलाय. खरं दुर्मिळ बघायचं तर १९७४ ची या खेळाची पहिली पेटी, तिच्या पहिल्या छपाईच्या फक्त १००० प्रती, किंवा १९८१ चं केशरी कव्हरचं पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस हे खेळातल्या एका साहसाचं पुस्तक, जे छापून आल्या आल्या कंपनीने स्वतःच मागे घेतलं आणि बहुतेक गठ्ठे नष्ट केले. तेच केशरी पुस्तक नंतर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने, जिने १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतली, आपल्या वेबसाइटवर फुकट टाकलं होतं. म्हणजे मजकूर फुकट आणि कागद सोन्याच्या भावात. हे मला पटतं बरं का, जुन्या वस्तूचा शौक आहे, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने करावा.

माझं भांडण आहे ते त्या ९०० शी. अरे ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत आहे, त्या किमतीला घेतलंय कुणी? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. ईबेवर सोल्डचा फिल्टर आहे, तो लावला की उरलेला आकडा बघून अर्ध्या लोकांचा ताप उतरेल. पण नाही, एक जण ९०० लिहितो, दुसरा ते बघून ८५० लिहितो आणि मग ग्रुपवर पोस्ट पडते की सध्या रेट ८५०-९०० चालू आहे. कुठे चालू आहे? आणि किती ठिकाणी तर माणूस पण नसतो, सॉफ्टवेअर एकमेकांचे भाव बघून भाव वाढवत बसतं. २०११ मध्ये ॲमेझॉनवर माशीवरचं एक जीवशास्त्राचं पुस्तक असंच चढत चढत दोन कोटी छत्तीस लाख डॉलरच्या वर गेलं होतं, दोन दुकानदारांची सॉफ्टवेअरं एकमेकांना बघून गुणाकार करत होती. माशीचं पुस्तक!

मी स्वतः शहाणा आहे असं नाही. १९९४ चा प्लेनस्केपचा, म्हणजे याच खेळातल्या एका काल्पनिक जगाचा बॉक्स एका परदेशी विक्रेत्याकडून घेतला होता, लिस्टिंगमध्ये कम्प्लीट लिहिलेलं, फोटो फक्त झाकणाचा, मी विचारलं नाही ही माझीच चूक. आतेभावाच्या पत्त्यावर मागवला, आठ महिन्यांनी तो त्याच्या बॅगेतून आला, उघडला तर पुस्तकं आहेत पण पोस्टर मॅपही नाहीत, डीएम स्क्रीनही नाही, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने समोर उभा करायचा पुठ्ठ्याचा आडोसा. आठ महिन्यांनी परत कुणाला करणार? तेव्हापासून मी प्रत्येक पानाचा, मॅपचा, बाइंडिंगचा फोटो मागतो, समोरचा वैतागला तर वैतागू दे.

खेळायलाच हवं असेल तर बऱ्याच जुन्या पुस्तकांची पीडीएफ मिळते, सगळे नियम एकत्र असलेलं रूल्स सायक्लोपीडिया तर मागणीनुसार छापूनही मिळतं, १९९१ ची ओरिजिनल कॉपी धुंडाळायची गरज नाही. आमचा शनिवारचा ग्रुप त्या छापलेल्या कॉपीवरच चालतो, तिच्यावर फरसाण सांडलं तरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

भाच्याला मी तो सोल्डचा फिल्टर दाखवला. तर तो आता स्वतःच्या पोकेमॉन कार्डांचे भाव बघतोय आणि संध्याकाळपासून जेवला नाहीये, बहिणीचा मलाच फोन आला की काय शिकवलंस त्याला.