धन्याचं पाणी प्या, पण गोळी का सोडता?

‘थायरॉइडची गोळी ग्रंथीला आळशी करते. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड जोरात काम करतेय. गोळी बंद करा, २१ दिवस धन्याचं पाणी प्या, कोबी-फ्लॉवर सोडा, घरात सैंधव वापरा.’ हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतो; आजवर दुर्लक्ष केलं. या वेळी वहिनींनी खरंच गोळी बंद केली, म्हणून लिहितोय.

टीएसएचचा मुद्दा तर धडधडीत उलटा आहे. टीएसएच म्हणजे थायरॉइडला ‘काम कर’ असं सांगणारं हार्मोन; तो थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. रक्तात थायरॉइडचं हार्मोन, टी-४, कमी पडलं की पिट्युटरीचा तगादा वाढतो. पुरेसं झालं की थांबतो. तगादा वाढलाय म्हणजे वसुली जोरात चाललीय, असं कुठला सावकार म्हणेल? वहिनींचा टीएसएच १८ आणि टी-४ खाली. म्हणजे ग्रंथी कमी पडतेय. आणि मेसेज सांगतो, गोळीतून बाहेरून जे टी-४ मिळतंय तेही तोडा!

ग्रंथी आळशी होते यात थोडं तथ्य आहे, मान्य. धडधाकट ग्रंथीच्या माणसाला गोळी दिली तर टीएसएच खाली जातो आणि ग्रंथी हात आखडता घेते. पण तेही कायमचं नाही. दीर्घकाळ अशी गोळी घेतलेल्यांचा अभ्यास १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत पिट्युटरी आणि थायरॉइडचं काम पुन्हा रुळावर आलं. वहिनींना मात्र हाशिमोटो आहे; शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी पोखरलीय, गोळीने आळशी झालेली नाही. हां, प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी खरोखर मंदावते. पण म्हणूनच तर ती गोळीही कुणी एकदम बंद करत नाही.

‘बंद केली तरी काही झालं नाही’ म्हणे! टी-४ निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. तोवर माणूस धन्यांना श्रेय देऊन मोकळा होतो. थकवा, सूज, बद्धकोष्ठ हे सगळं मागाहून येतं. आणि असा मेसेज वाचणारी गरोदर असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीशी खेळ.

कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीएवढा खाल्ला तर काही बिघडत नाही. सैंधवात आयोडीन नसल्यात जमा, त्यामुळे अख्ख्या घराला त्यावर आणू नका.

डॉक्टरांना विचारून वहिनींनी गोळी परत सुरू केलीय. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा आणि धन्याचं पाणी तासाभराने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. टीएसएच सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आहे.