सेखोंनी किती सेबर पाडली?

दर वर्षी 14 डिसेंबर आला की फेसबुकवर तेच भांडण नव्यानं पेटतं. 1971 च्या युद्धात याच दिवशी गेलेल्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखोंचा फोटो कुणीतरी टाकतं, खाली 'दोन सेबर पाडली' असं लिहितं. (सेबर म्हणजे पाकिस्तानची तेव्हाची लढाऊ विमानं.) तासाभरात सीमेपलीकडचं कुणीतरी उगवतं आणि विचारतं, कुठली दोन? आमची तर सगळी परत आली होती. मग आपली मंडळी चिडतात, एखादा भाई आकडा परस्पर चारवर नेतो, शिवीगाळ होते. ज्याच्यासाठी पोस्ट टाकली, तो बिचारा बाजूलाच राहतो.

मला या स्कोअरबोर्डाचा मनापासून कंटाळा आलाय. का, ते जरा सविस्तर लिहितो. (सेखोंबद्दल एकेरीत लिहितोय, अनादर म्हणून नाही. गेला तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. माझा भाचा आज त्याच वयाचा आहे, 'अहो-जाहो' तोंडात येत नाही.)

आधी तो श्रीनगरला काय करत होता ते बघा, कारण ही बाजू कुणी सांगतच नाही. 1948 पासूनच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे काश्मीर खोऱ्यात लढाऊ विमानं कायमची ठेवता येत नव्हती, आणि आपण ते पाळत होतो. म्हणजे 1971 चं युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरच्या तळावर हवाई संरक्षणासाठी एकही लढाऊ विमान नव्हतं. युद्ध पेटल्यावर 18 स्क्वाड्रनची नॅट ही छोटी लढाऊ विमानं तिथे आली आणि त्यांच्याबरोबर सेखों. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचा पोरगा, वडीलही हवाई दलातलेच. 1967 साली कमिशन मिळालेलं, म्हणजे नोकरी जेमतेम साडेचार वर्षांची. पंजाबच्या सपाटीवर वाढलेल्या या मुलाला एकदम सव्वापाच-साडेपाच हजार फुटांवरचा तळ, चहूबाजूंनी डोंगर आणि डिसेंबरची थंडी. हे मी पदरचं घालत नाही. परमवीरचक्राच्या मानपत्रातच लिहिलंय की हा प्रदेश त्याच्या ओळखीचा नव्हता, ती उंची आणि तो बोचरा वारा त्याच्या अंगवळणी पडलेला नव्हता. सरकारी कागदात अशी माणसासारखी ओळ सहसा सापडत नाही.

आता विमान. नॅट ज्यांनी संग्रहालयात जवळून पाहिलंय त्यांना कळेल. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम 22 फूट. कॉकपिट इतकं अरुंद की धिप्पाड माणसाला आत बसवायचं म्हणजे कसरत. 30 मिलिमीटरच्या दोन तोफा, आणि त्या ऐन वेळी अडकण्याबद्दल बदनाम. पण वळायला चपळ, आणि एवढंसं असल्यामुळे समोरच्याला चटकन दिसत नाही. 1965 मध्ये याच नॅटनी सेबरना जेरीस आणलं होतं, आणि 'सेबर स्लेयर' हे बिरुद तेव्हापासूनचं. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ती बनवली, दुरुस्त केली, वर्षानुवर्षं उडती ठेवली. त्या कामगारांची आठवण या दिवशी कुणी काढत नाही, ते असो.

14 डिसेंबरची सकाळ. ढाक्यातली शरणागती दोन दिवसांवर आली होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? पेशावरहून सहा सेबर आली, विंग कमांडर चंगेझी त्यांचा म्होरक्या. श्रीनगरला रेडिनेसवर, म्हणजे हुकूम येताच उडायला सज्ज, दोन नॅट होती. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, ज्यांना सगळे जी-मॅन म्हणायचे, आणि त्यांच्या मागे नंबर दोन सेखों. त्याला स्क्वाड्रनमध्ये 'ब्रदर' म्हणत. आपल्याकडे भेटेल त्याला 'भाऊ' म्हणणारा एखादा असतो आणि शेवटी तेच त्याचं नाव पडतं, तसलाच प्रकार.

घुम्मन उडाले. सेखों धावपट्टीवर धावायला लागला तेव्हा सेबर डोक्यावर पोचली होती, बॉम्ब पडायला लागले होते.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळं या काही सेकंदांत आहे. लढाऊ वैमानिकाला विचारा, सगळ्यात वाईट क्षण कुठला. तो सांगेल, उड्डाणाचा. वेग नाही, उंची नाही, वळता येत नाही, पोट इंधनानं भरलेलं. वरच्याला तुम्ही नेम धरायच्या पाटीसारखे दिसता. त्यातून हा उंचावरचा तळ, हवा विरळ, म्हणजे जमीन सोडायला धावपट्टी जास्त लागते. सेखोंनी इंजिन बंद केलं असतं, विमानातून उडी मारून खंदक गाठला असता, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. माथ्यावर हल्ला चालू असताना खाली थांबणं याला कुठलंही हवाई दल पळपुटेपणा म्हणत नाही. तरी त्यानं थ्रॉटल मागे घेतला नाही. मागे बॉम्ब फुटत असताना तो उडाला.

वर गेल्यावर आणखी एक गोची झाली. धुरकट हवेत घुम्मन आणि त्याची चुकामूक झाली, ती पुन्हा जुळलीच नाही. म्हणजे 'एकाविरुद्ध सहा' हे पोस्टरवाल्यांनी रचलेलं नाही, ते खरंच तसं झालं. बॉम्ब टाकून निघालेल्या सेबरच्या मागे तो लागला. रेडिओवर त्याचा आवाज तळाला ऐकू येत होता. दोघांच्या मागे आहे, सुटू देणार नाही, असं काहीसं तो सांगत होता. मग बाकीची सेबर आपल्या साथीदारांच्या मदतीला वळली. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर, गोल गोल, एकमेकांच्या शेपटीमागे. अखेरचं वाक्य तुम्ही वाचलं असेल. त्याचा मतलब इतकाच, की बहुतेक मला लागलंय, जी-मॅन, तू ये आणि यांना गाठ.

'वाचवा' नाही म्हणाला. कामाचं बोलला.

आता स्कोअरकडे येऊ, ज्यावरून एवढं रणकंदन. मानपत्रात दोन सेबरना त्यानं मारा करून फटका दिल्याचं म्हटलंय. पाकिस्तान म्हणतं, आमचं एकही विमान पडलं नाही. हवाई लढाईत हे नेहमीचंच. तीव्र वळणात, जीव मुठीत धरून, सेकंदभर दिसलेला धूर म्हणजे विमान पडलं की नुसतं भाजलं, हे नक्की कोण सांगणार? जगातल्या झाडून सगळ्या हवाई दलांनी आपापले आकडे फुगवलेत, यात आपण आणि ते दोघंही आलो. आणि सेखोंच्या बाबतीत तर साक्षीदारच गेला. त्याच्या विमानाबरोबर जो काही पुरावा असेल तोही दरीत गेला. पलीकडचा आकडा खरा धरला, एकही सेबर पडलं नाही असं मानलं, तरी त्याच्या परमवीरचक्राला ढिम्म फरक पडत नाही. मानपत्र पुन्हा वाचा. त्यातला भर किती पाडली यावर नाही, त्या परिस्थितीत उड्डाण केलं आणि एकट्यानं झुंज दिली यावर आहे. भारतीय हवाई दलातलं हे आजवरचं एकमेव परमवीरचक्र. ते विमानं मोजून दिलेलं नाही.

आणि गंमत बघा, हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं ते पलीकडचेच होते. सेखोंला पाडणारा फ्लाइट लेफ्टनंट सलीम बेग मिर्झा. त्यानं पुढे सेखोंच्या लढण्याची तारीफ केली. ज्यानं समोरासमोर झुंज घेतली त्याला आकड्याची फिकीर नव्हती, ती आपल्याला सोफ्यावर बसून.

तो आकडेवाला भाई हीच गत अरुण खेतरपालची करतो. सेखोंनंतर दोनच दिवसांनी बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत गेलेला हा पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा मुलगा, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या परेड मैदानाला ज्याचं नाव आहे. तिथेही वाद किती रणगाडे उडवले याचा. रणगाडा पेटला असताना मागे यायचा हुकूम त्यानं का मानला नाही, हे कुणी विचारत नाही.

सेखोंचं विमान श्रीनगरजवळ एका घळईत सापडलं. तो नाही सापडला. खूप शोधलं, अजून नाही. घरच्यांना पदक मिळालं, अंत्यसंस्काराला देह मिळाला नाही. नुकतंच लग्न झालेलं. याच युद्धात 5 डिसेंबरला आपला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई-7 विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटवर हल्ल्याला गेला तो परतलाच नाही. त्याचं नाव तर 'बेपत्ता'च्या यादीत, चोपन्न जणांच्या. त्याची पत्नी दमयंती, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, दशकानुदशकं सरकारदरबारी आणि पाकिस्तानच्या तुरुंगांच्या दारात त्याला शोधत राहिली. तांबेंनी काय पाडलं याचा आकडा नाही, म्हणून आपल्या टाइमलाइनवर तांबे नाहीत. मराठी माणूस असूनही नाहीत. माझा खरा राग यावर आहे.

2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला सेखोंचं नाव दिलं, चांगलंच झालं. येत्या डिसेंबरात पोस्ट जरूर टाका. खाली कुणी 'कुठली दोन?' विचारलं तर वाद घालू नका. मान्य करा की आकड्यावर दोन्ही देशांचं एकमत नाही, आणि त्यालाच विचारा की बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून तू उडाला असतास का. स्वतःलाही विचारा, मी विचारलंय, उत्तर काही फार अभिमानाचं नाही. आणि फोटो टाकताना कृपा करून नॅटचाच टाका. गेल्या खेपेला माझ्याकडे फिरत आलेल्या पोस्टरवर सेखोंच्या मागे राफेल उडत होतं.