हेराल्डची स्पिटफायर होता होता

सोलापुरात विजापूर रोडवर मला एका रिक्षानं ओव्हरटेक केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. नुसती रिक्षा असती तर गिळलं असतं ओ, पण त्या रिक्षात मागं तीन बायका, त्यांच्या मांडीवर दोन पोरं, ड्रायव्हरशेजारी ज्वारीचं अर्धं पोतं, आणि ड्रायव्हर एका हातानं फोनवर बोलत. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडं आपण बघतो तसं त्यानं माझ्या गाडीकडं बघितलं आणि जरा कड घेऊन, जपून पुढं गेला. त्या जपण्याचा राग आला मला.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. १९६६ ची, दोन दारांची. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, माझ्या जन्माच्या आधी. वडील गेले, गाडी राहिली, आणि आई अजूनपण तिचा उल्लेख 'तुझी सावत्र आई' असाच करते. रविवारी सकाळी वडील दोघींपैकी कुणाजवळ जास्त वेळ असायचे हे आठवलं तर त्यात चूक काही नाही.

मद्रासला बनायची ही गाडी, पण मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ ची, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. बॉनेट मडगार्डासकट पुढं उलटतं, मगरीनं आ केल्यासारखं, मग पुढच्या टायरवर बसून निवांत इंजिनाशी गप्पा मारत बसायचं. वळते तर इतक्या कमी जागेत, पंचवीस फुटात गोल फिरते, जोडभावी पेठेतल्या बोळात रिक्षा रिव्हर्स घेत असती तिथं ही एका दमात वळून येती. वळण्यात तोडच नाही. सरळ पळायचं म्हणलं की मात्र अवघड. ९४८ सीसी, एकच सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजतो तो), नवीकोरी असताना ३५ च्या आसपास हॉर्सपॉवर, आता त्यातले किती घोडे हयात आहेत आणि किती नुसते सातबाऱ्यावर आहेत देव जाणे.

तर त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसलो, आणि वाचता वाचता उठूनच बसलो. १९६२ साली ह्याच हेराल्डची चॅसी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीकडून नवी बॉडी काढून घेऊन, इंजिन ११४७ सीसीचं करून त्याला दोन एसयू कार्बोरेटर लावले, आणि त्या उघड्या टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं नाव ठेवलं स्पिटफायर. ६३ हॉर्सपॉवर! म्हणजे आमच्या हेराल्डची ही सख्खी धाकटी बहीण. एक तिकडं मेम झाली आणि एकीला सोलापुरात दिलं, एवढाच फरक. आपल्याकडं तर १९७७ पर्यंत तेच ९४८ चं इंजिन रेटलं.

मला वाटलं दोन कार्बोरेटरचाच तर प्रश्न आहे. (स्ट्रोक, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनची धाव, दोन्हीचा ७६ मिलिमीटर, पण बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, हिचा ६३ आणि तिचा ६९.३, म्हणजे फरक नुसता वरचा नाही तर पोटातला आहे, हे मी त्याच रात्री वाचलं होतं. पण माणसाला हौस आली की वाचलेलं आठवत नसतंय.)

मेव्हणा इंग्लंडला असतो. त्यानं कुठनं तरी एसयूची जुनी जोडी मिळवली, मॅनिफोल्डसकट, म्हणजे इंजिनाला जोडायच्या नळकांड्यासकट, आणि त्याच्याच लग्नात आम्ही दिलेल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणली. एअरपोर्टवर बॅग उघडून विचारलं म्हणे हे काय आहे, तर ह्यानं सांगितलं, "दाजींचा छंद आहे." चादर सोडल्यावर आतनं दोन कळसासारखे डोम निघाले. बायकोनं विचारलं, देव्हाऱ्यात ठेवायचेत का. नाही म्हणलं तर म्हणाली, मग ह्यांचा आपल्याला उपयोग काय.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळी मूळची बुटांच्या धंद्यातली, त्यामुळं त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता असायचा, लोहाराचा असतो तसा, मला हे फार आवडलं. पुढं भात्याच्या जागी पिस्टन आला. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन वर, पिस्टनला खाली एक निमुळती सुई, ती जेटमधनं, म्हणजे पेट्रोलच्या भोकातनं, जेवढी वर सरकेल तेवढं पेट्रोल जास्त. झालं, एवढंच. इतकं साधं की आमच्या आप्पांना ते पटेचना.

आप्पा म्हणजे मेकॅनिक. वय सत्तरीच्या पुढं, अक्कलकोट रोडला पत्र्याचं शेड. त्याच्याआधी वीस वर्षं पॉवरलूमवर काढलेली. त्यांनी जोडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "साहेब, दोन बायकांचं घर कधी शांत बघितलाव काय ओ? आधी आहे ते नीट करू."

म्हणून आधी आहे ते नीट केलं. टॅपेटचा गॅप दहा थाऊ, पॉइंटचा पंधरा, प्लगचा पंचवीस, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वडिलांच्या टूलबॉक्समध्ये फिलर गेज, गॅप मोजायची पट्टी, शोधायला गेलो तर गेज नाहीच, एक जाड लग्नपत्रिका निघाली, कोपरे ग्रीसनं काळे झालेले. आप्पा हसायला लागले. "तुमचे वडील डेल्को उघडून पॉइंटचा गॅप ह्याच्यावरच लावायचे की." डेल्को म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डबा. नवा गेज आणून मोजलं, पत्रिका दुमडली की बरोबर पंधरा थाऊ. पत्रिका कुणाची, तर त्यांची आणि आईचीच. हे आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीपण सांगू नका.

एवढ्यावर गाडी इतकी छान चालायला लागली की खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. पहिल्या सेल्फला स्टार्ट, मिसिंग नाही, पिकअप बरा. पण घरात कळस येऊन पडले होते ना.

संक्रांतीच्या आसपास जोडी बसवली. स्टड जुळवले, होल जरा घासले, गॅसकेट कापली, ॲक्सिलरेटरच्या दांड्या वाकवून वाकवून दोन्हीकडं नेल्या. सेल्फ मारला आणि कार्बोरेटरच्या तोंडातनं असा बार निघाला की शेजारचे काका गच्चीवरून ओरडले, "यंदा गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम होम मैदानावर नाही काय, हितंच ठेवलंय?" दुसरा बार, तिसरा बार, मग गल्लीतली कुत्री, मग काकूंचं नातू उठलं, मग आम्ही शटर लावून घेतलं.

तोंडातनं बार म्हणजे मिक्श्चर वीक, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. हे का, तर आता पंपावर मिळतंय वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळं तेवढ्याच हवेला तेल जास्त पाजावं लागतं. साठ वर्षांपूर्वी घासलेल्या सुईला हे कोण सांगणार. त्यात जुन्या रबराच्या नळ्या ह्या पेट्रोलनं फुगून मऊ झालेल्या, बोटानं दाबली की शिजलेल्या शेंगेसारखी लागायची, त्या सगळ्या बदलल्या. आणि इथेनॉल कशाचं, तर उसाचं. ऊस आमच्याच जिल्ह्यात ढिगानं. माझ्या सासऱ्यांचाच चार एकर आहे. म्हणजे गाडी तुझ्या बाबांमुळं बार काढते, असं मी घरी एकदा बोललो. दोनदा नाही बोललो.

एप्रिलपर्यंत जमत आल्यासारखं वाटलं म्हणून दुपारी बाहेर काढली, ४४ डिग्रीत, कारण मला अक्कल नाही. सात रस्त्याला मधोमध बंद. ह्या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, वर हे आणि खाली ती भट्टी, त्यामुळं पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ धरते आणि पंप नुसता वाफ चोखत बसतो. जिथं सात रस्ते मिळतात तिथं बंद पडायचा तोटा असा की हॉर्न सात बाजूंनी येतो. मराठी, कानडी, तेलुगू, तिन्ही भाषेत सल्ले मिळाले आणि मजा म्हणजे तिन्ही भाषेत सल्ला एकच होता, विकून टाक. लिंबूसोडावाल्यानं मात्र एका शब्दानं न बोलता बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवून आणून दिला, तो त्या पंपावर गुंडाळला, दहा मिनिटं थांबलो, गाडी चालू. सोलापूरचा टॉवेल जगभर जातो, पण त्याचा हा उपयोग तिकडच्या लोकांना माहीत असेल असं वाटत नाही. तेव्हापासून डिकीत दोन ओले टॉवेल असतातच, वास येतो त्यांचा, पण असतात.

त्यानंतर ठरलं, काम रात्री करायचं, घरच्या अंगणात. आप्पा शेड बंद करून यायचे.

आता राहिले होते दोन आजार. एक म्हणजे उचकी, पाय दाबला की गाडी आधी थबकायची, एक उचकी द्यायची आणि मग पळायची. ह्या डोमच्या दांडीत तेल घालायचं असतं, म्हणजे पिस्टन एकदम उडत नाही, दमानं वर जातो. कुठलं तेल, तर साधारण वीस ग्रेडचं. आप्पा म्हणाले, एवढ्याशा तेलासाठी डबा कशाला फोडूलालाव, शिलाई मशीनचं चालतंय की. आईच्या मशीनचं तेल गुपचूप आणून घातलं, ते पडलं पाण्यासारखं पातळ, म्हणून ती उचकी. हे कळायला आठवडा गेला, आणि तेल गेलंय हे आईला कळायला एक दिवस.

दुसरा आजार मोठा. बॅलन्स. दोन्ही कार्बोरेटरनं हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर एक राबतो आणि एक खातो आणि इंजिन स्लोला उकळत्या आमटीच्या पातेल्यासारखं थडथडतं. मोजायची जुनी रीत अशी की रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची ऐकायची, दोन्ही सारखी होईस्तोवर स्क्रू फिरवायचे. कुलरची नळी कापून घेतली. आप्पांनी कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलावली.

"काय म्हणतंय?"

"आँ?"

वीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला कान तो. मान त्यांनी सवयीनं डोलावली होती. मग मी लावली. मला दोन्हीकडं समुद्र ऐकू येत होता. तीन रात्री आम्ही स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं करत बसलो, एक बहिरा आणि एक अडाणी, आणि गाडी थडथडतेय ती थडथडतेच आहे.

चौथ्या रात्री साडेअकराला आई बाहेर आली. हातात मशीनच्या तेलाची रिकामी कुपी. मला वाटलं आता कुपी डोक्यात बसतेय, पण ती नुसती उभी राहिली, जरा ऐकलं, म्हणाली, "दे बघू ती नळी."

पदर सावरून टायरवर बसली. सावत्र आईच्या एवढ्या जवळ मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. नळी कानाला लावली, पुढचा कार्बोरेटर, मग मागचा, परत पुढचा.

"पुढचा हावरा आहे. मागचा नुसता सुस्कारे टाकतोय."

"आई, तुला कसं कळतं?"

"नळ कोण भरतं ह्या घरात?"

मग मला उमगलं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला, कधी पहाटे, वेळेला वेळ नाही. पाण्याच्या आधी नळातनं हवा येते, आणि त्या हवेच्या आवाजावरून आई झोपेत सांगते की पाणी अजून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी आहे की आपल्या जोत्याशी आलं. कित्येक वर्षांचा रियाज आहे हा. आम्ही इंग्लंडवरून मशीन आणलं आणि ते ऐकणारा कान आत स्वयंपाकघरात होता.

पुढचा अर्धा तास ती सांगत होती आणि आप्पा फिरवत होते. ऐकू येत नसल्यामुळं ती त्यांच्या पाठीवर थाप मारायची, एक थाप म्हणजे सोड, दोन म्हणजे आवळ. फुसफुस जुळली. मग मिक्श्चर. त्याला पिस्टन एका पिननं जरासा उचलायचा असतो, इंजिन किंचित चढून परत बसलं तर बरोबर, चढतच गेलं तर पेट्रोल जास्त, गुदमरलं तर कमी. आईनं ते एकदा ऐकून घेतलं आणि लगेच आपल्या भाषेत केलं. "हा उपाशी आहे, वाढ. अजून. आता ह्याला अपचन झालं, काढ जरा." जेटच्या नटाची एकेक बाजू फिरवत गेलो. आणि एका क्षणी ती थडथड थांबली बघा, इंजिन असं गुळगुळीत चालायला लागलं की आप्पांनी बॉनेटवर हात ठेवून चालू आहे ना बघितलं. मी उचकीचा बंदोबस्त करायला पुढच्या डोमचं पितळी टोपण काढून, पातळ तेल टिपून नवं घालत होतो, टोपण शर्टाच्या खिशात. डोक्यात नुसता विजापूर रोड आणि ती रिक्षा.

आईनं हात वर केला. "बंद कर."

"का? काय वाजलं? टॅपेट?"

"बंद कर म्हणते ना. नळ आला."

इंजिन बंद केलं. आम्हाला काहीच ऐकू येईना. अर्ध्या मिनिटानं कोपऱ्यातला नळ फस्स करून फुरफुरला आणि पाणी आलं. मग कसला बॅलन्स आणि कसलं काय, आप्पांसकट सगळे बादल्या घेऊन. पिंप, टाकी, हंडे, कळशा, बायको उठली, पोरगं उठलं, अडीच वाजता पाणी गेलं. मी परत गाडीपाशी आलो, खिशात हात घातला, टोपण नाही.

टॉर्च घेऊन अख्खं अंगण शोधलं. आप्पा रांगून गाडीखाली बघून आले.

"मोठ्या पिंपात आहे," आई आतनं म्हणाली. "वाकलास तेव्हा पडलं. पितळेचं होतं, ऐकलं मी."

मी बाही वर करून पिंपाकडं निघालो.

"हात घालायचा नाही," आई म्हणाली. "प्यायचं आहे ते. पाणी संपलं की काढ."